शेजारणीची मान

"गुरुवारी येशील का माझ्याबरोबर, त्या स्किनच्या डॉक्टरकडे? तू फक्त शेजारी बस आणि त्याला सांग, ही बाई काही लावत नाही म्हणून. आणि ती तुझी ट्यूब असेल तर आण," एवढं कुंपणावरून बोलून बुकोला कचऱ्याचा रिकामा डबा गडगडवत घरात गेलीसुद्धा. चित्रा मागच्या अंगणात ओली चादर धरून उभी. चादरीचं पाणी तिच्या सपातांवर ठिबकत होतं. डब्लिनच्या उत्तरेच्या या डंडॉक गावात फेब्रुवारीत ऊन पडलं की आधी कपडे वाळत घालायचे आणि मग बाकीचं जग, हा तिचा नियम. पण आज चादर दोरीवर टाकायचं भान तिला राहिलं नाही. आपण 'शुअर' म्हणून बसलो हे तिला मागाहून उमगलं. तोंडाला सवय झाली होती. इथे सगळे सगळ्याला आधी हो म्हणतात आणि मग हळूच काढता पाय घेतात, तेही ती शिकली होती. तेव्हा हो म्हटल्याचं विशेष काही नव्हतं. विशेष होतं ते 'असेल तर'. असेल तर म्हणजे काय? ट्यूब संपल्या, आता कुणी भारतातून येणारही नाही, असं तिनं बुकोलाला गेल्या वर्षी साफ सांगितलं होतं. बुकोलानं मान हलवली होती, काही हरकत नाही म्हणाली होती. संपलेली वस्तू कुणी 'असेल तर' म्हणून मागतं का? म्हणजे हिला तेव्हाच कळलं होतं. किंवा काहीच कळलं नव्हतं आणि ती सहज बोलून गेली. किंवा कळलं होतं आणि म्हणूनच इतकं सहज बोलायला तिला जमलं. चित्राच्या मनात जी पाल चुकचुकली ती चादर वाळेपर्यंत चुकचुकतच होती.

त्या दोघींची घरं म्हणजे खरं तर एकच घर, मधोमध भिंत घालून दोन केलेलं. बुकोला नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्या माणसांचं करायला जायची, आठवड्याला पाळी बदलायची, आणि तिची पाळी कुठली हे चित्राला जिन्यावरच्या पावलांवरून कळायचं. भिंतीतून चर्चची गाणी यायची, टीव्ही यायचा, फोनवरचं तिच्या मातृभाषेतलं, योरुबातलं, बोलणं यायचं. ते भांडण आहे की माया, हे आवाजावरून ओळखू येत नसे, आणि पहिली दोन वर्षं चित्रानं ते सगळं भांडणच धरलं होतं. खोटं कशाला बोला, ती बुकोलाला भ्यायची. पुण्यातून निघताना कुणी काय काय सांगितलं होतं, नितेशच्या कंपनीतल्या बायका डब्लिनमधल्या कुठल्या कुठल्या वस्त्यांबद्दल काय बोलायच्या, ते सगळं तिनं नीट घडी घालून मनात ठेवलं होतं. मग तो डिसेंबर आला, ज्यात सगळा देश बर्फाखाली गेला. चित्राच्या घरचे नळ गोठले. नितेश बेलफास्टला अडकलेला. तिसऱ्या दिवशी ती बादली घेऊन, मनात रामाचं नाव घेत, शेजारच्या दारात उभी राहिली आणि बुकोलानं दार उघडून, काही न विचारता, तिच्या हातातली बादली घेतली. बुकोलाचा नळ चालू होता. पाणी तापवून दिलं, वर तिखट भात खायला घातला, आणि चित्रा त्या स्वयंपाकघरात बसून घाम पुसत जेवली. त्या देशात जेवताना तिला घाम आला तो तेवढा एकदाच.

मानेवरचं ते तिनं तिथेच पाहिलं. बुकोला बोलता बोलता लाकडी डावाच्या दांड्यानं मान खाजवत होती. गोल चकती, कडेला किंचित उचललेली, मध्ये राखाडी. गजकर्ण. अमरावतीकडच्या उन्हाळ्यात घरटी एकाला तरी झालेलं. बुकोला म्हणाली, डॉक्टरकडे दोनदा गेले, कोरडी कातडी आहे म्हणतो, एवढा मोठा क्रीमचा डबा दिलाय, भिंतीला लावला तरी उरेल. "लाल नाही ना, म्हणाला. मी म्हटलं, माझ्या अंगावर लाल कसं दिसेल? तर हसला. चांगला आहे बिचारा, पण हसला." चित्राही हसली. आणि बर्फ वितळून भारतातून सामान आलं तेव्हा तिनं बुकोलाच्या हातात एक ट्यूब ठेवली. आमच्याकडे सगळे हेच लावतात, म्हणाली. उपकाराची फेड इतक्या स्वस्तात झाली म्हणून तिला बरंही वाटलं होतं. आता त्या बऱ्या वाटण्याचाच तिला संशय यायला लागला होता.

कारण ती ट्यूब काय होती हे तिला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणायचं? ती गजकर्णाची होती, हे खरंच. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळायची, वर बुरशीचं, खाजेचं, सगळ्याचं नाव लिहिलेलं. पण चित्राच्या घरी ती गजकर्णासाठी कधीच आली नव्हती. तिची आई विमल, दोन मुलींची आई, त्यातली एक आपल्यावर गेलेली गोरी आणि दुसरी बापावर गेलेली; ती दुसरी म्हणजे चित्रा. काळी म्हणायची नाही घरात कुणी, सावळी म्हणायचे, आणि सावळी म्हणताना आवाज असा खाली आणायचे की काळी म्हटलेलं परवडलं असतं. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी, स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा, विमलनं ही ट्यूब आणली. कुण्या बाईच्या मुलीला गुण आला होता. "झोपताना लावत जाय थोडंसं. जास्ती नोको लावू. अन् कोनाले सांगत नोको बसू," असं म्हणून तिनं पहिल्यांदा आपल्या बोटानं लावून दिली. आईचं बोट गालावर इतका वेळ फिरल्याचं चित्राला दुसरं आठवत नव्हतं. महिन्याभरात चेहरा असा उजळला की बाप चष्मा काढून बघायला लागला. त्या चेहऱ्याचा फोटो नितेशकडे गेला. त्या चेहऱ्याशी लग्न झालं. आणि मग तो चेहरा राखायचा म्हणजे ट्यूब लावत राहणं आलं, कारण एकदा, त्याच बर्फात, आईच्या ओळखीच्या बाईचं विमान रद्द झालं आणि ट्यूब यायला उशीर झाला, तेव्हा गालांची अशी आग झाली, कातडी अशी काळवंडून सोलवटली, की ती आरशासमोरून पळाली होती. नितेशला सांगितलं, थंडीनं झालं. त्याला पटलं. नितेशला सगळं पटायचं. त्यानं आपल्या बायकोचा खरा रंग कधी पाहिलेलाच नव्हता.

तेव्हा बुकोलाची मान पंधरवड्यात साफ झाली याचं चित्राला नवल वाटलं नाही. बुकोलाला वाटलं. ती चर्चमध्ये सांगत सुटली, माझ्या इंडियन शेजारणीनं डॉक्टरला खाली बघायला लावलं. मग ते परत आलं. बुकोलानं आणखी ट्यूब मागितली, चित्रानं दिली. पुन्हा गेलं, पुन्हा आलं, या खेपेला गळ्यापर्यंत पसरून. आणखी एक दिली. भारतातून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बॅगांत आई दर वेळी तीन-चार ट्यूब कोंबायची. पण आई थकली होती, येणारे कमी झाले होते, आणि चित्रानं मनातल्या मनात हिशेब केला की असं वाटत बसलो तर आपल्याला पुरायच्या नाहीत. म्हणून ती संपल्या म्हणाली. वरच्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, टॉवेलांमागे तेव्हा दोन होत्या, आज एक होती. हे सगळं एका ओळीत सांगण्यासारखं होतं आणि तिनं ते स्वतःलाही कधी एका ओळीत सांगितलं नव्हतं.

मान पांढरी पडायला लागली ती त्याच्याही आधी, तिसरी ट्यूब चालू असताना. पांढरी म्हणजे कोडासारखी नव्हे. जणू कुणी त्या एवढ्याच जागेवरचा रंग ओल्या फडक्यानं पुसून काढलाय अशी. कॉलरच्या वर एक फिकट पट्टा, त्याच्या कडेला पुन्हा ते खाजरं कडं. चित्राला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा बुकोला दारात किराणा उतरवत होती. चित्रानं हसून हात हलवला, आत आली, आणि तिच्या मनात जे आलं ते आठवून आता, दोन वर्षांनी, तिनं वाळलेली चादर उगीच दुसऱ्यांदा झटकली.

पुढचं बुकोलानंच सांगितलं होतं, त्या डॉक्टरची पहिली भेट झाली त्या दिवशी. स्किनच्या डॉक्टरची वाट बघण्यात वर्षाहून जास्त गेलं; सरकारी यादी, तिच्यात नाव लागायचं म्हणजे देवाला नवस बोलल्यासारखं. शेवटी पत्र आलं, तर मोटरवेवरून पाऊण तासावरचं हॉस्पिटल. बुकोला चर्चला जायचे कपडे घालून गेली आणि परत आली ती थेट चित्राच्या दारात. बसलीही नाही. "यूअर मॅन, तो डॉक्टर, त्यानं माझ्या मानेकडे बघितलं, हात लावला नाही, आणि विचारलं, गोरं व्हायला काय वापरता? मी म्हटलं, काही नाही. मग विचारलं, साबण? मी म्हटलं, साबण, साबणासारखा साबण. मग म्हणाला, इथे कुणी रागावणार नाही तुमच्यावर. चित्रा, एखाद्या गार्डासारखा, पोलिसासारखा विचारत होता, फक्त गोड आवाजात. पुन्हा पुन्हा. शेवटी म्हणाला, जे काही लावताय ते बंद करा आणि मग या, त्याशिवाय मला काही करता येणार नाही. म्हणजे मी खोटं बोलले असं कबूल केल्याशिवाय मला औषध नाही." ती भिंतीला टेकून रडत होती. म्हाताऱ्यांना उचलून उचलून तिचे खांदे दणकट झाले होते. ती रडत असली तरी खांदे हलत नसत. आणि चित्रा काय म्हणाली? चित्रा म्हणाली, किती वाईट. चहा घेतेस? ट्यूबबद्दल एक अवाक्षर नाही. तिला वाटलं, हीच आता काढेल ट्यूबचा विषय. बुकोलानं काढला नाही. तेव्हापासून त्या न काढलेल्या विषयाचं ओझं भिंतीच्या या बाजूला होतं.

आणि आता गुरुवार. का नेतेय ही मला? चित्रानं उलटसुलट करून पाहिलं. नुसती साक्षीदार हवी, तर चर्चमधली मैत्रीण का नको? मग तिला वाटलं, चर्चमधली मैत्रीणही काळीच, तिचं कोण ऐकणार. मी चालते. मी या रंगाची नाही आणि त्याही रंगाची नाही, मधली, इंजिनिअरची बायको. मग वाटलं, छे, इतका सरळ हिशेब नसणार. तिथे नेऊन डॉक्टरसमोर म्हणेल, हिनं दिली, विचारा हिला. सापळा. स्वतःच्या स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरून, तिनं त्या सापळ्याची प्रत्येक तार तपासली आणि प्रत्येक तार बळकट निघाली.

नितेश कामावरून आला, तेव्हा तिनं निम्मंच सांगितलं. गजकर्णाची आईची ट्यूब होती, मी दिली होती, आता तिला डॉक्टरकडे सोबत हवीय. नितेशनं बूट काढता काढता हात थांबवला. "ए, नाही हं. अगं ते स्टेरॉईड असतं यार त्यात. इथे प्रिस्क्रिप्शन आयटम आहे तो. तू लायसन्सशिवाय औषध वाटलंस असं कुणी कंप्लेंट केली तर? आपले सिटिझनशिपचे पेपर सबमिट झालेत. गुड कॅरेक्टर बघतात ते, मतलब, एक पार्किंगची नोटीससुद्धा लिहावी लागते. तिला सांग बरं नाही वाटत."

"तिला औषध मिळत नाहीये नितेश. दोन वर्षं झाली."

"वाईट आहे, मी नाही म्हणत नाही. पण खरं सांग, ती लावत नसेल कशावरून? त्यांच्यात कॉमन आहे ते, मी वाचलंय. डॉक्टर काय उगीच म्हणेल का?" मग तो उठला, जाता जाता तिच्या गालावर बोट टेकवून म्हणाला, "तुला नाही कळायचं ते. तुझं सगळं नॅचरल आहे." तिनं मान बाजूला केली. तो हसत हात धुवायला गेला. त्या रात्री तिनं नेहमीसारखी मटारच्या दाण्याएवढी ट्यूब बोटावर घेतली आणि लावताना तिला पहिल्यांदाच वाटलं की भिंतीपलीकडे हे ऐकू जातंय.

गुरुवारी बुकोलाच्या जुन्या गाडीत दोघी बसल्या. ट्यूब चित्राच्या पर्समध्ये होती. आणायची की नाही हे तिनं ठरवलं नव्हतं; ती नुसती पर्समध्ये टाकली होती, म्हणजे ठरवायचं पुढे ढकलता यावं. बुकोला मानेला जांभळा रुमाल बांधून आली होती आणि रस्ताभर नर्सिंग होममधल्या एका म्हातारीबद्दल बोलत होती, जी तिला रोज नव्यानं विचारते की तू कुठून आलीस, आणि रोज 'ड्रॉहेडा' हे जवळच्याच गावाचं नाव उत्तर म्हणून ऐकून खूश होते. चित्रा योग्य जागी हसत होती. ती ट्यूबचं विचारत का नाही? आणलीस का, एवढं साधं विचारायला काय जातं? न विचारणं हे विचारण्यापेक्षा वाईट. की मला स्वतःहून काढायला लावायचंय हिला? दोन्ही बाजूंना ओली हिरवी शेतं पळत होती, मेंढ्यांच्या पाठींवर निळ्या-लाल रंगाचे ठिपके, कुणाची मेंढी कुठली ते ओळखायला. चित्राला त्यांच्याकडेही बघवेना.

दवाखान्यात बसायच्या जागी भिंतीवर एक मोठा तक्ता होता. तीळ कसे ओळखावेत, चट्टे कसे ओळखावेत, खूप सारे चौकोन, प्रत्येकात गुलाबी कातडीचा तुकडा. बुकोला त्याच्याकडे पाठ करून बसली. मागच्या वेळी ती त्याच्यासमोर बसली होती असं म्हणाली. समोरच्या आजीबाईनं बुकोलाच्या रुमालाकडे पाहिलं, मग चित्राकडे पाहून गोड हसली. चित्राही हसली. ते हसू तिच्या तोंडावर नको तितका वेळ राहिलं.

डॉक्टर पन्नाशीचा, थकलेला, दिसायला सज्जन. सज्जन होताही असेल. त्यानं चित्रा कोण ते विचारलं, शेजारीण म्हटल्यावर 'ग्रँड', म्हणजे उत्तम, म्हणाला, आणि बुकोलाला म्हणाला, "मग? बंद केलं का?"

"बंद करायला काही नव्हतं," बुकोला म्हणाली. रुमाल सोडून तिनं मांडीवर ठेवला. चित्रानं ती मान इतक्या जवळून बऱ्याच महिन्यांनी पाहिली. फिकट पट्टा आता हनुवटीखाली आला होता, त्यावर कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आणि कडेनं ओरखडे. हिला रोज किती खाजत असेल, हे चित्राच्या ध्यानात आलं ते आत्ता. इतके दिवस ती तिथे फक्त स्वतःवरचा आळ बघत होती.

डॉक्टरनं उसासा सोडला आणि तो चित्राकडे वळला. आवाज बदलला, मऊ झाला. "हे बघा, मला कुणाला दोष द्यायचा नाही. काही समाजांत हे चालतं, आणि लोकांना लाज वाटते. तुम्ही शेजारी आहात, तुमचं ऐकतील." आणि चित्राला सुख वाटलं. हे तिला नंतर पुष्कळ दिवस आठवत राहणार होतं. टेबलाच्या त्या बाजूला, समजूतदार माणसांच्या बाजूला तिला कुणी खुर्ची दिली होती, आणि तिचं अंग त्या खुर्चीत टेकायला निघालंही होतं. दोन शहाणी माणसं आणि मध्ये एक हट्टी बाई. तिला इतकंच करायचं होतं, की मान हलवायची. बुकोला तिच्याकडे बघत नव्हती. चित्रानं पर्स उघडली आणि ट्यूब टेबलावर ठेवली. ट्यूब लोळली. डॉक्टरनं ती अडवली, चष्मा वर केला, बारीक अक्षरं वाचली.

"माय गॉड," तो म्हणाला. "हे तर फार जहाल आहे. कुठून आलं?"

"मी दिलं. भारतातलं आहे. तिला मानेवर गजकर्ण झालं होतं, रिंगवर्म. हिनं दुसरं काही लावलेलं नाही."

"तुम्हाला मी सांगितलं होतं," बुकोला म्हणाली. "याच खुर्चीत. माझ्या शेजारणीनं इंडियातलं रिंगवर्मचं क्रीम दिलं होतं, ते लावत होते, म्हणून. तुम्ही विचारलं नाव काय, मी म्हटलं माहीत नाही. मग तुम्ही पुन्हा साबणाचं विचारलंत."

चित्रा तिच्याकडे वळली. म्हणजे हिनं सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी. आणि त्या दिवशी दारात उभी राहून रडताना तेवढंच एक मला सांगितलं नाही, आपण होऊन गाळलं. का? डॉक्टरनं ट्यूब पुन्हा उलटून पाहिली. "असेल," तो म्हणाला. "असं असेल तर सगळं जुळतं. बुरशी आतल्या आत वाढत राहिली, आणि रंग या औषधानं गेला." इतकंच. एक ट्यूब आणि चित्राची दोन वाक्यं, आणि इतक्या महिन्यांचा संशय त्यानं असा बाजूला ठेवला जशी कुणी चुकीच्या घरी आलेली चिठ्ठी ठेवतं. तो लिहायला लागला होता. लिहिता लिहिता, वर न बघता, त्यानं विचारलं, "आणि तुमच्याकडेही हे रिंगवर्मसाठीच असतं, नाही का?" आणि चित्रानं तोंड उघडायच्या आत पेन पुढच्या ओळीवर गेलंसुद्धा. तिचं 'हो' त्याला ऐकायचंही नव्हतं. ते त्यानं धरूनच टाकलं होतं. बुकोलाला इतक्यांदा विचारून जे मिळालं नाही, ते हिला न विचारता मिळत होतं, फुकट, तेही खोटं. रागच आला चित्राला, कुणाचा ते कळेना, आईचा, याचा, स्वतःच्या या राखलेल्या तोंडाचा.

"नाही," ती म्हणाली. "मी ते तोंडाला लावते. रोज. गोरं दिसायला. लग्नाआधीपासून."

पेन थांबलं. डॉक्टर तिच्याकडे बघायला लागला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते चक्क अविश्वास होता. "तुम्ही? पण तुमची स्किन तर छान आहे." मग त्यानं टेबलावरचा दिवा तिच्या बाजूला वळवला आणि छान असलेल्या त्या गालांतल्या बारीक लाल शिरा, कातडीची ती काचेसारखी चकाकी त्याला दिसली असणार, कारण तो एकदम वेगळ्याच सुरात म्हणाला, एकाएकी बंद करू नका, हळूहळू सोडवायला लागेल, तुमच्या डॉक्टरांकडून मला चिठ्ठी आणा. चित्रा हो म्हणाली. मग त्यानं हातमोजे घातले आणि पहिल्यांदाच बुकोलाच्या मानेला हात लावला. एका पात्यानं कडेची कातडी खरवडून काचेवर घेतली, तपासायला पाठवतो म्हणाला, पोटात घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि अगदी शेवटी, त्या मानेकडेच बघत, "झालेल्या गैरसमजाबद्दल सॉरी," असं म्हणाला. बुकोलानं रुमाल बांधला आणि थँक्यू म्हटलं.

परतताना गाडीत म्हातारीची गोष्ट नव्हती. वायपर कोरड्या काचेवर करकरत होते, आणि ते बंद करायचं बुकोलाला सुचत नव्हतं. चित्रा त्या शांततेचे अर्थ लावत होती: ही चिडलीय, ही मनात हसतेय, ही उद्या चर्चमध्ये सगळ्यांना सांगणार, तिथून ते नितेशच्या ऑफिसात जाणार. नितेशला आपणच आज सांगावं लागणार. मोटरवे संपला, गाव आलं, त्यांची गल्ली आली. बुकोलानं त्यांच्या दोन दारांसमोर गाडी लावली, इंजिन बंद केलं, आणि बसून राहिली.

"तुझ्या गालांचं मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "बर्फात, बादली घेऊन आलीस तेव्हा. माझ्या मावशीचे गाल असेच होते."

"मग त्याला का नाही सांगितलंस? त्यानं एवढा छळला तुला. आणि मला का नाही सांगितलंस की तू ट्यूबचं बोलली होतीस?"

"तो तुझा चेहरा आहे. मी कशाला सांगू त्याला? आणि तुला सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस. तू फार लवकर घाबरतेस." तिनं स्टिअरिंगवरून हात काढले. "पण ट्यूब एकच आहे हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, तुझं तोंडाचं वेगळं असेल आणि मला दिलंस ते औषध. माझ्या दुखण्यावर तू तुझं ते दिलंस."

"ते औषधही आहे," चित्रा म्हणाली, आणि तिलाच ते ऐकून लाज वाटली.

"बरं. एक सांग मला." बुकोला आता तिच्याकडे वळली. "माझी मान फिकी पडायला लागली. ट्यूब तू दिलेली, ती काय करते ते तुला रोज आरशात दिसत होतं. मग माझ्या मानेकडे बघून तुला काय वाटलं?"

चित्राजवळ उत्तरं तयार होती. वाटलं, आजार वाढला. वाटलं, थंडीनं झालं असेल. लक्षच गेलं नाही माझं, हे तर सगळ्यांत सोपं. त्यातलं कुठलंही बुकोलानं ऐकून घेतलं असतं. या बाईनं तिचं आजवर सगळं ऐकून घेतलं होतं. बाहेर कुणाचं तरी कुत्रं कुंपणाशी भुंकत होतं. चित्राला वाटलं, आत्ता जर हे गिळलं तर भिंतीच्या त्या बाजूचं माणूस आपल्याला कायमचं परकं होईल, आणि बोललो तरी कदाचित तसंच होईल.

"मला वाटलं, तूपण लावतेस," ती म्हणाली. "माझी ट्यूब नव्हे. दुसरं काहीतरी, चोरून. मला वाटलं, तुमच्यात सगळ्या लावतात. आत जाऊन मी नितेशलाही म्हटलं, बघ, हीपण त्या सगळ्यांसारखीच. मला बरं वाटलं होतं."

बुकोलानं मानेवरचा रुमाल सैल केला, खाजवायला बोट नेलं आणि न खाजवता खाली आणलं.

"तिथे आत तू एवढं बोललीस ना, तेव्हा माझा तुझ्यावर विश्वास बसला नव्हता," ती म्हणाली. "म्हटलं, त्या माणसासमोर चांगली होतेय. आता बसला."

ती उतरली. गाडीला कुलूप लावायचं होतं म्हणून चित्रा उतरेपर्यंत ती किल्ली हातात धरून फुटपाथवर थांबली, पण तिच्याकडे बघत नव्हती.